न पाहता लिहिलेल्या नोंदी

बाई, तुमच्या घराची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. तेराव्याला आलेला तुमचा भाचा जाताना म्हणाला, "वर्षामावशी, वह्या तुम्हीच न्या. मला त्यातलं काही कळत नाही आणि रद्दीत द्यायला हात होत नाही." एका रिक्षात मावल्या नाहीत. दोन खेपा केल्या. आता त्या माझ्या जेवणाच्या टेबलावर आहेत आणि मी ओट्याशी उभी राहून जेवते.

काल खाडीच्या बांधावर माणसं येऊन गेली. तुम्ही ज्यांची वाट बघत होतात तीच. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला गत नाही. पण ते सांगायचं तर त्याआधीचंही सांगावं लागेल, आणि तेच तुम्ही असताना चार महिने मला जमलं नाही.

आपल्या शाळेच्या टीचर्स रूममध्ये तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी बोललात ते ओरडण्यासाठी. मी नवीन, मराठीची बाई, नेरूळमध्ये येऊन आठवडा झालेला. डब्यांच्या रांगेतला एक डबा माझा समजून उघडला तर त्यातून चिखलाच्या रंगाचे चार मासे उड्या मारत टेबलावर. "झाकण लाव! निवट्या आहेत त्या, सुकतील!" मी किंचाळले, हेडसर खुर्चीवर चढले, आणि तुम्ही टेबलाखाली रांगत एकेकीला ओंजळीत धरत होतात. शेवटची सापडल्यावर तिथेच बसून मला म्हणालात, "मासा आहे, पण झाडाच्या मुळावर चढून बसतो. बघितलायस कधी?" नव्हता बघितला. त्याच रविवारी तुम्ही मला सारसोळ्याच्या जेट्टीवर नेलंत.

तेव्हा खाडीकडे कुणी बघत नव्हतं. सेक्टरांमधल्या लोकांसाठी ती वासाची जागा होती, संध्याकाळी त्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. तुम्ही वाईच्या, नदीकाठच्या, खारं पाणी जन्मात न बघितलेल्या. बदली म्हणून आलात आणि गुडघ्याएवढ्या चिखलात उतरलात. पहिल्या दिवशी तुम्ही रुतलात आणि चांगुणाने तुम्हाला ओढून काढलं, ही गोष्ट चांगुणा अजून सांगते. ती तिथे चिंबोऱ्या पकडत होती. "मी बोलली, बाय, पाय उचलू नको, सरकव. तं ही उलटी मला विचारते, ह्या किड्याला काय म्हनता?" त्या दिवसापासून ती नावं सांगायची आणि तुम्ही लिहायचात. पुस्तकात तुमच्या चिखलाबद्दल काही नव्हतंच. जे होतं ते परक्या नावांनी. मुलं तुम्हाला चिखलबाई म्हणायची. तुम्हाला ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

तुमचा शोध एका वाक्याचा होता. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीने तो चिखल बुडाला की बांध ओलांडून मागच्या तळ्यात येऊन बसतात. बस. आज कॅमेरे घेऊन येणारी पोरंसुद्धा हे सहज बोलतात. पण जे थोडे बघणारे होते ते एकतर खाडी बघत होते नाहीतर तळं, तेव्हा तुम्ही तिथीवरून भरतीची वेळ काढून, एकदा बांधाच्या या अंगाला आणि एकदा त्या अंगाला उभ्या राहून, वर्षानुवर्षं मोजत होतात. "खाडी त्यांचं ताट आहे आणि तळं त्यांचं अंथरूण," तुम्ही म्हणायचात. "ताट ठेवलं आणि अंथरूण काढून घेतलं तर पाहुणा राहील का?" सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये, वॉर्डाच्या कार्यालयात, जिथे कुणी पाच मिनिटं देईल तिथे तुम्ही हे सांगत फिरलात. बांधाखालून पाइप आहेत, त्यांतून भरतीचं पाणी तळ्यात येतं, ते पाइप मोकळे ठेवा. एवढीच तुमची मागणी. लोक चहा द्यायचे आणि "बाई, टेन्शन घेऊ नका" म्हणायचे.

आपलं भांडण मात्र वेगळंच होतं. नाही का? एका नोंदीत मी लिहिलं होतं, 'शेकाट्यांचा देखणा थवा उतरला.' तुम्ही 'देखणा'वर काट मारलीत. "देखणा म्हणजे किती?"

"किती काय बाई? वाचणाऱ्याला काही वाटायला नको का?"

"वाटायचं ते त्याचं तो बघेल. आपण दिसलं ते सांगायचं."

वीस वर्षं हे भांडण चाललं. मी म्हणायचे, तुमच्या वह्या कुणी वाचणार नाही. तुम्ही म्हणायचात, तुझ्या निबंधांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

ह्यांना अटॅक आला आणि ते गेले, त्या वर्षी घरात माणसांची रीघ होती. सगळे माझा हात धरून बसायचे. तुम्ही एकदाही तशा बसला नाहीत. पंधराव्या दिवशी सकाळी सहाला बेल वाजवलीत आणि म्हणालात, "चपला घाल. भरती सात वाजून दहाला आहे." मी रडत होते. तुम्ही माझ्या हातात वही दिलीत आणि म्हणालात, "मी डावीकडचे मोजते, तू उजवीकडचे." मी मोजले. एकशे बारा. रडताना मोजता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. रोज तासभर मला रडण्यातून सुट्टी मिळाली ती तुमच्यामुळे. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. मानले असते तर तुम्ही विषय बदलला असतात, म्हणून मीही टाळलं.

गेल्या पावसाळ्यात काचबिंदूने तुमचा उरलेला डोळा नेला. डॉक्टर म्हणाले, आता जे गेलं ते परत येणार नाही. तुम्ही विचारलंत, "उजेड तरी?" ते म्हणाले, "थोडाफार." घरी आल्यावर म्हणालात, "वर्षा, बघायचं तू. लिहायचंही तूच. मी विचारेन आणि तू सांगशील." मी हो म्हणाले. यात न जमण्यासारखं काय होतं?

आणि दिवाळीपर्यंत ते जमलंही. पावसाचं पाणी तळ्यात होतं, पहिले तुतवार आले होते, मी मोजायचे, तुम्हाला येऊन सांगायचे. पण पावसाळ्याच्या आधीच बांधालगतच्या रस्त्याचं काम निघालं होतं. राडारोड्याचे डंपर रिकामे होत होते. डोळा जायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन बघून आला होतात आणि डोळा गेल्यावर मला अर्ज सांगितलात: पाइपांच्या तोंडाशी भराव पडतो आहे, पाहणी करावी, आमच्याकडे या तळ्याच्या अनेक वर्षांच्या नोंदवह्या आहेत, त्या दाखवायला तयार आहोत. तो मीच टाइप केला. सही तुम्ही चाचपून केलीत, ओळीच्या बरीच वर.

दिवाळीनंतर मी एका सकाळी बांधावर गेले तर तळ्यात पाणी नव्हतं. मधोमध एक डबकं आणि भोवती भेगा पडलेला चिखल. पलीकडे खाडीला भरपूर भरती होती, ती बांधापर्यंत येऊन थांबली होती. पाइपांची तोंडं दिसतच नव्हती. चांगुणा तिथे उभी होती. म्हणाली, "बुजवलं गो. पानी यायला वाट नाय. पाखरां आली, फिरली, गेली."

मी तुमच्या घरी आले. तुम्ही खिडकीशी बसला होतात. आदल्याच दिवशी पाय घसरून पडला होतात, मांडीला बर्फ लावला होता. माझी चाहूल लागल्याबरोबर मान वर केलीत. "किती?"

बाई, मी ठरवून आले नव्हते. जिना चढेपर्यंत खरं सांगायचंच डोक्यात होतं. पण तुमचं ते वर केलेलं तोंड बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "शेकाटे चाळीस."

"आणि पाणी?"

"भरलंय."

"पाइप मोकळे आहेत म्हणजे," तुम्ही म्हणालात आणि मागे टेकलात. "मग अर्जाचा पाठपुरावा राहू दे. त्यांनाही कामं असतात."

त्या क्षणी तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. तो एक दिवस जाऊ दे, मांडीची सूज उतरू दे, मग सांगू, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "तुतवार किती?" आणि मला काहीतरी सांगावंच लागलं.

मग मी त्यात तरबेज झाले. संध्याकाळी तुमच्या जुन्या वह्या उघडून त्या-त्या आठवड्यात कोण किती असायचे ते बघायचे आणि थोडा फरक करून सकाळी सांगायचे, आणि तुमच्यासमोर तेच वहीत लिहायचे. बांधावर जायचे, कारण चपलांना चिखल लागलेला नसेल तर तुम्ही बोटांनी ओळखलं असतं. पण तळ्याकडे पाठ करून उभी राहायचे. एकदा तुम्ही म्हणालात, "वर्षा, तुझे आकडे हल्ली फार गोल असतात." दुसऱ्या दिवसापासून मी सदतीस म्हणायला लागले, त्रेपन्न म्हणायला लागले. तुम्ही पुन्हा तसं बोलला नाहीत. तुम्हाला कळलं होतं का? खरं सांगा. कळलं असून मला सांभाळून घेत होतात, की माझ्यावर विश्वास होता? दोन्हींतलं काय जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

सगळ्यात लाज वाटते ती चिखल्यांची. बाकीच्या पाहुण्या पाखरांबरोबर त्यांचे आकडे द्यायला मी विसरले होते, म्हणून पौषात एकदम 'आल्या' म्हणून सांगितलं. तुम्ही उठून बसलात. "इतक्या उशिरा? आजवर कधी नाही!" दोन दिवस तुम्ही त्यावर विचार केलात. उत्तरेत थंडी उशिरा पडली असणार, वाटेतला कुठला तरी थांबा लांबला असणार. मला पानभर मजकूर सांगितलात, खोडून पुन्हा सांगितलात. तुमच्या आवाजात पहिल्यांदाच इतक्या महिन्यांनी जोर आला होता. मी लिहीत होते आणि मला वाटत होतं, हात गळून पडावा. तुमचं आयुष्यातलं शेवटचं अनुमान, बाई, ते माझ्या विसरण्यावर उभं आहे.

चांगुणाला मी सांगून ठेवलं होतं. ती तुमच्यासाठी चिंबोऱ्यांचा रस्सा घेऊन यायची, तुमच्या पायाशी बसायची आणि तळ्याचा विषय निघाला की भांडी घासायला उठायची. एकदा जिन्यात तिने मला धरलं. "तुमी शिकलेली मानसं. मला नाय कलत. पन ती आंधली हाय, येडी नाय."

"आता कसं सांगू, चांगुणा? आता सांगितलं तर बाई जातील गं."

"तशी पन जानारच हाय," ती म्हणाली आणि खाली उतरून गेली.

होळीच्या आधी तुम्हाला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी तुम्ही जरा शुद्धीत होतात. मास्क बाजूला सारलात. मी कान जवळ नेला.

"काल उधाण होतं. गेली होतीस?"

"नाही बाई. तुमच्याजवळच होते."

"मग काय लिहिलंस?"

"काही नाही लिहिलं."

"बरं केलंस," तुम्ही म्हणालात. "न बघता लिहायचं नसतं."

मी तुमचा हात धरला. म्हणाले, "बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय." तुम्ही मान हलवलीत, म्हणजे सांग. तेवढ्यात सिस्टर आल्या, मास्क परत लावला आणि भेटायची वेळ संपली म्हणाल्या. मी हट्ट धरू शकले असते. दोन मिनिटं द्या म्हणू शकले असते. मला हायसं वाटलं, बाई. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाहेर येऊन मी चहा प्यायले आणि मला हायसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

आता कालचं.

तुमच्या अर्जाला उत्तर आलं. तेराव्याच्या दिवशीच भाच्याने पत्रपेटीतून काढून माझ्या हातात दिलं. स्थळपाहणीसाठी अर्जदाराने नोंदवह्यांसह हजर राहावं. मी तुमच्या वह्यांपैकी अलीकडच्या सहा पिशवीत घातल्या आणि गेले. वॉर्डाच्या कार्यालयातून तिघं जण आले होते. साहेब तरुण होते, चांगले होते बोलायला. तुम्ही गेल्याचं ऐकून त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मग भेगा पडलेल्या चिखलाकडे बघून म्हणाले, "मॅडम, रस्त्याच्या कंत्राटदाराचं म्हणणं आहे की हे तळं आधीपासूनच कोरडं पडत होतं. भरावाचा संबंध नाही. पाणी नेमकं कधी गेलं, पक्षी कधीपासून यायचे थांबले, हे कळलं तर मला काही लिहिता येईल. अर्जात नोंदवह्यांचा उल्लेख आहे."

तेवढंच पाहिजे होतं त्यांना, बाई. रस्त्याचं काम निघाल्यानंतरच्या दिवाळीची ती एक सकाळ. 'पाणी नाही. पक्षी एकही नाही.' मग दुसरी सकाळ, तिसरी. तुम्ही असतात तर तुम्ही रोज ते लिहिलं असतंत. त्या तळ्याचं मरण तारीखवार वहीत असतं आणि त्यांना नाही म्हणता आलं नसतं. आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीतल्या वहीत त्याच तारखांना तळं काठोकाठ भरलेलं आहे आणि त्यात त्रेपन्न शेकाटे झोपले आहेत.

"वही आहे," मी म्हणाले. "पण शेवटचे चार महिने खोटे आहेत. मी लिहिलेत. त्यांना दिसत नव्हतं."

साहेबांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मग मी आधीच्या वह्या तरी कशाच्या जोरावर धरू? समोरचा वकील पहिलं हेच विचारेल."

"आधीचं सगळं खरं आहे. एकेक पक्षी खरा आहे. त्यांनी कधी..."

चांगुणा पुढे झाली. "मी सांगते ना. दिवालीच्या आदी पानी होतं, दिवालीनंतर नाय. मी रोज हितं येते. माज्या आईपासून येतो आमी."

"मावशी, तुमचं खरं असेल," साहेब म्हणाले. "पण तोंडी चालत नाही. लेखी लागतं."

त्यांनी बांधावरच बॅग मांडीवर घेऊन पाहणीचा अहवाल लिहिला. मी वाकून वाचला. जलाशय कोरडा आढळला. पूर्वस्थितीबाबत विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही. मग कागद माझ्यापुढे केला. अर्जदारातर्फे हजर म्हणून मी खाली सही केली.

बाई, तुमच्या आयुष्यभराच्या मोजण्यावर हे एक वाक्य. ते त्यांनी लिहिलं, पण शब्द माझे आहेत. मला वाटलं होतं मी तुमचं दुःख वाचवते आहे. मी फक्त ते जिना चढून यायचं थांबवलं होतं. घरी आल्यावर मी ती वही काढली आणि दिवाळीनंतरच्या प्रत्येक खोट्या पानावर आडवं लिहिलं: 'हे खरे नाही. मी पाहिलेले नाही.' खाली नाव घातलं. अर्ध्या पानांनंतर हात दुखायला लागला, तरी सगळी पानं केली. चिखल्यांच्या पानावरही लिहिलं. त्याने काही परत येणार नाही, हे मला कळतं. पुन्हा अर्ज करायचा तर कुठल्या तोंडाने, तेही कळत नाही.

एक सांगायचं राहिलं. साहेब गेल्यावर मी आणि चांगुणा तिथेच बसून राहिलो. बाराच्या सुमाराला भरती आली. खाडीतला चिखल बुडाला आणि थवा उठला. या खेपेला मी पाठ फिरवली नाही. ते बांधावरून आत आले, तळ्यावर एक फेरी मारली, दुसरी मारली, इतके खाली आले की पंखांचा आवाज ऐकू आला. चांगुणाने पदर तोंडाला लावला. तिसऱ्या फेरीनंतर ते ऐरोलीच्या बाजूला गेले आणि दिसेनासे झाले. किती होते म्हणाल तर मला सांगता येणार नाही, माझं मोजणं मध्येच चुकलं. पण बघून सांगते आहे, बाई. एकही खाली उतरला नाही.